एरंडेलातली नळी

जयपाल कमते मूळचे नेसरीचे. घर जैनांचं, शेती बेताची होती. थोरला भाऊ बाहुबली शेतात राहिला आणि धाकट्या जयपालांना शिकायला कोल्हापूरला धाडलं. साल बासष्ट-त्रेसष्टचं असेल. सूक्ष्मजीवशास्त्र हा विषय त्यांनी ठरवून घेतला नव्हता. रसायनशास्त्राच्या जागा भरल्या होत्या आणि खिडकीतल्या कारकुनाने सांगितलं की हा नवा विषय आहे, गर्दी नाही, घेऊन टाका. घेऊन टाकला.

पास झाल्यावर एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत नोकरी चालून आली. मळीपासून मद्यार्क काढायचा, पगार चांगला, राहायला क्वार्टर. वडील तेव्हा हयात होते. त्यांनी जेवता जेवताच विचारलं, "दारू केलीस तर पिणार कोण, आपल्या घरातलं कोण हाय का?" यापुढे बोलणं झालं नाही. नोकरी घेतली नाही, पण ती जागा बघायला गेले होते तेव्हा जयपालांनी हौदात फसफसणारं यीस्ट पाहिलं होतं, ते काही डोक्यातून गेलं नाही. पुढे कोल्हापुरातल्याच एका कॉलेजात ते शिकवायला लागले, राजमतीशी लग्न झालं, राजारामपुरीत दोन खोल्या भाड्याने मिळाल्या, आणि कॉलेजच्या मागच्या अंगाच्या खोलीत, एका कपाटात आणि एका जुन्या फ्रिजमध्ये, त्यांचं स्वतःचं यीस्ट आलं.

पाव फुगवतो तोच हा जीव. डोळ्याला दिसत नाही, पण लाखांनी एकत्र आला की साईसारखा दिसतो. त्याच्या पेशीच्या आत एक लांबलचक धागा असतो आणि पेशीला जन्मभर करायच्या कामांच्या सूचना त्या धाग्यावर लिहिलेल्या असतात. एकेक सूचना म्हणजे एकेक जीन. मूळ सूचना जागची हलत नाही. काम करायचं झालं की तेवढ्या मजकुराची नक्कल निघते, ती बाहेर जाते आणि तिच्यावरून काम होतं. कचेरीच्या रेकॉर्ड रूममधून मूळ दस्त कुणाला नेऊ देत नाहीत, नक्कल देतात, तसंच हे. शास्त्रात याला प्रतिलेखन म्हणतात. आता सगळ्या सूचनांच्या नकला सदासर्वकाळ निघत बसल्या तर पेशीचं दिवाळं वाजेल. म्हणून कोणती नक्कल केव्हा काढायची आणि केव्हा नाही, यावर आत कुणीतरी बसवलेलं असतं.

यीस्टला ग्लुकोज सगळ्यांत प्रिय. ते असेपर्यंत यीस्ट दुसऱ्या साखरेकडे बघतसुद्धा नाही. दुधातल्या साखरेत गॅलॅक्टोज म्हणून एक भाग असतो, तो पचवायची हत्यारं यीस्टजवळ असतात. पण ग्लुकोज समोर असताना त्या हत्यारांच्या सूचनांची नक्कल निघतच नाही. पंच्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात जयपालांना असं एक यीस्ट सापडलं की ज्याला हे कळतच नव्हतं. ग्लुकोज भरपूर घातलं तरी गॅलॅक्टोजची हत्यारं तयार. नुसती तीच नव्हे, इतरही नको त्या गोष्टी तयार. नको म्हणणारा जो कोणी आत होता, तो जागेवर नव्हता. कुणाला न विचारता सगळ्या जगाची कामं करून हे यीस्ट दमायचं, सावकाश वाढायचं, आणि त्याच्या पेशी एकमेकींना चिकटून गुठळ्या व्हायच्या. बाकीच्या नळ्या ताकासारख्या गढूळ दिसत. या नळीत वर स्वच्छ पाणी आणि तळाला नासलेल्या दुधासारखा चोथा.

प्रयोगशाळेचे शिपाई ज्ञानूमामा. राधानगरीकडचे, मिशा भरघोस, वयाने जयपालांपेक्षा सतरा-अठरा वर्षांनी मोठे. कॉलेजातली मुलंच नव्हे, सरही त्यांना मामाच म्हणत. त्यांनी ती नळी उजेडात धरून बघितली आणि म्हणाले, "सर, ह्ये यीस्ट न्हवं, सरकारी नोकर हाय. खायाला म्होरं आन् कामाला बसकं." तेव्हापासून त्याचं नावच बसकं पडलं. जयपालही घरी राजमतीला सांगताना बसकंच म्हणत.

तीन वर्षं जयपालांनी दुसरं काही केलं नाही. बसक्याचा साध्या यीस्टशी संकर केला, चार-चार बीजाणू सुईच्या टोकाने वेगळे करून वाढवले, आणि दर वेळी दोन बसके निघाले, दोन साधे. म्हणजे बिघाड एकाच जीनमध्ये होता. जो जीन स्वतः काही करत नाही, फक्त दुसऱ्या जीनांना 'आत्ता नको' म्हणतो, असा एक जीन. आता एकच गोष्ट दाखवायची राहिली होती: हा जीन अडवतो ते नक्कल निघतानाच अडवतो, की नक्कल निघाल्यावर. त्यासाठी जी किरणोत्सारी द्रव्यं लागतात ती कोल्हापुरात मिळणं शक्य नव्हतं. मुंबईच्या एका प्राध्यापकांनी आपल्या प्रयोगशाळेत हे करू म्हटलं होतं आणि एक नळी पोस्टाने पाठवा असंही सुचवलं होतं. जयपालांनी पाठवली नाही. एकदा नळी तिकडे गेली की आपलं नाव तळटीपेत जाईल, अशी भीती. दिवाळीच्या सुट्टीत मी स्वतःच घेऊन येतो, असं त्यांनी कळवलं. डॉक्टरेट, पुढचं सगळं आयुष्य, जे काही होतं ते त्या नळीतल्या चोथ्यात होतं. कागदावरचे आकडे खूप होते. पण जिवंत बसकं दाखवता आलं नाही तर त्या आकड्यांना कुणी विचारणार नव्हतं.

जयपालांची आई पद्मावती. कर्नाटकाच्या सीमेकडची चाल म्हणून घरात तिला अव्वा म्हणत. अव्वा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी एकदा कोल्हापूरला आली होती, तेव्हा मुलाची कामाची जागा बघायची म्हणून हट्टाने कॉलेजात आली. काचेच्या नळ्या, बश्या, सूक्ष्मदर्शक, सगळं कौतुकाने बघितलं. कोपऱ्यात ज्ञानूमामांचा मोठा कुकर वाफ सोडत होता. वापरलेल्या नळ्या धुण्याआधी त्यात घालून शिजवाव्या लागतात.

"ह्यात काय शिजतंय रं?"

"काही शिजत नाही, अव्वा. आतलं यीस्ट मारायचं असतंय. नाहीतर ते सगळीकडं पसरतंय."

"जित्तं असतंय व्हय ते?"

"व्हय."

"किती असत्यात एका नळीत?"

खोटं बोलायची सवय नव्हती. जयपाल म्हणाले, "कोटींनी."

अव्वाने पदर तोंडावर घेतला. रागावली नाही. त्या दिवशी तिने मुलाच्या घरी अन्न घेतलं नाही. सकाळी स्वतःच्या हाताने पाणी गाळून घेतलं आणि गडहिंग्लजच्या गाडीला बसली. राजमती दोन दिवस नवऱ्याशी नीट बोलली नाही. तिचं म्हणणं, कोटींनी म्हणायची काय गरज होती, थोडे असतात म्हणायचं होतं.

जयपालांनी स्वतःची समजूत केव्हाच घातलेली होती. यीस्ट म्हणजे एकेंद्रिय जीव. पाण्यात, मातीत, भाजीत असलेच जीव असतात आणि संसारी माणसाला त्यातून सुटका नाही. हालणारे-चालणारे जीव मात्र मुद्दाम मारायचे नाहीत, ही घरची रीत त्यांनीही मोडली नव्हती. राजारामपुरीतल्या खोलीत ढेकूण निघाले तेव्हा त्यांनी खाट उन्हात नेऊन टाकली होती, औषध मारलं नव्हतं.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात अव्वाच्या अन्ननलिकेत गाठ असल्याचं निघालं. डॉक्टरांनी मिरजेला न्या म्हटलं, अव्वा नको म्हणाली. अन्न गिळत नव्हतंच. गावात चातुर्मासासाठी आलेल्या आर्यिकांची, म्हणजे साध्वींची, तिने परवानगी घेतली आणि सल्लेखना धरली. म्हणजे आधी अन्न सोडायचं, मग दूध, मग ताक, शेवटी पाणी. शांत मनाने, कुणावर राग-लोभ न ठेवता देह टाकायचा. घरच्यांनी रडायचं नाही, अडवायचं नाही. बाहुबलीने माणूस धाडून जयपालांना बोलावून घेतलं.

अव्वाने सगळ्यांची क्षमा मागितली, सगळ्यांना क्षमा केली. मग जयपालांना जवळ बसवलं.

"मी तुला कायमचं सोड म्हणत न्हाई," ती म्हणाली. "तुझा पोटाचा धंदा हाय. पर मी डोळं मिटंपर्यंत तुझ्या हातनं हत्त्या नगं. करू नगंस, करवू नगंस, आन् कुणी केली तर त्येला बरं म्हणू नगंस. तिन्हीला पाप सारखंच."

हे तीन शब्द जयपालांनी लहानपणापासून ऐकले होते. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि करणाऱ्याला मान्यता देणं. पळवाट म्हणून कुठे राहू नये, यासाठीच ते तीन होते. त्यांनी हो म्हटलं. मनातल्या मनात त्यांनी अदमास केला की फ्रिजमधल्या नळ्या सहज दोन-तीन महिने टिकतात. तेवढे दिवस हात लावला नाही तर काही बिघडत नाही.

कोल्हापूरला आल्यावर त्यांनी काम बंद ठेवलं. यीस्ट उचलायच्या सुईचा आकडा जाळावर धरायचा नाही, कुकर लावायचा नाही, नवीन खाद्य तयार करायचं नाही, कारण खाद्य करायचं म्हणजे आधी शिजवणं आलंच. मुलांची प्रात्यक्षिकं दुसऱ्या एका सरांनी घेतली. विभागप्रमुखांनी तोंड वाकडं केलं, पण आई अंथरुणावर आहे म्हटल्यावर फार बोलले नाहीत. दर शनिवारी जयपाल नेसरीला जात आणि सोमवारी परत येत.

त्या वर्षी पाऊस सुटत नव्हता. भिंतींना ओल, पुस्तकांना बुरशी. एका सोमवारी जयपालांनी कपाट उघडून सहज एक बशी उचलली आणि हातातच धरून उभे राहिले. बशीतल्या खाद्याच्या गुळगुळीत थरावर पांढऱ्या ठिपक्यांची वेडीवाकडी ओळ उमटली होती, ओल्या जमिनीवरून कोंबडी चालत जावी तशी. सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तर ती पावलंच होती. फिकट, गोल अंगाचे, आठ पायांचे बारीक किडे बशीभर फिरत होते आणि जातील तिथे बुरशी पेरत होते.

प्रयोगशाळेत या किड्यांइतकी दुसऱ्या कशाची भीती नसते. कापसाच्या बोळ्यातून ते नळीत शिरतात. एका नळीतून दुसरीत, कपाटातून फ्रिजमध्ये. फ्रिजची वीज त्या दिवसांत सारखी जायची, तेव्हा थंडीचाही धाक नव्हता. उपाय एकच: लागण झालेल्या नळ्या दिसताक्षणी कुकरमध्ये घालायच्या, कपाट रॉकेलने पुसून काढायचं. हे काम एका दुपारचं होतं. आणि नेमकं हेच जयपालांना करायचं नव्हतं, करवायचं नव्हतं. यीस्टबद्दल निदान समजूत तरी घातली होती. हे किडे तर चालत होते.

त्यांनी बसक्याच्या नळ्या एकेक करून भिंगाखाली पाहिल्या. एकीत बुरशीचे तंतू, दुसरीत पावलं, तिसरीत दोन किडे बोळ्यावर बसलेले. सगळं पाहून झाल्यावर एक नळी स्वच्छ निघाली. फक्त एक. ती पोस्टाने मुंबईला पाठवायला मन अजूनही धजेना. किडे तेल ओलांडत नाहीत हे त्यांना माहीत होतं. घरी जाऊन त्यांनी राजमतीकडे एरंडेलाची बाटली मागितली.

"जुलाब कुणाला लागायचं ऱ्हायलंय?" ती म्हणाली. पण नवऱ्याचा चेहरा बघून तिने पुढे विचारलं नाही, बाटली दिली.

कॉलेजात परत येऊन त्यांनी एका पसरट भांड्यात तेल ओतलं, मधोमध काचेचा छोटा पेला उभा केला आणि त्यात ती नळी ठेवली. तेलाच्या तळ्यात एक बेट. दारात उभं राहून मग ते बराच वेळ विचार करत राहिले की एखादा किडा पोहायला गेला आणि तेलात मेला, तर ते कुणाच्या नावावर. हे कुंपण आहे, फास नव्हे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पटलं असं नाही, पण भांडं तिथेच राहू दिलं. कपाटातल्या बाकीच्या नळ्यांतून किडे मात्र वाढतच होते. भिंतीवरून, छतावरून, हवेतल्या धुळीबरोबर केव्हाही त्या बेटावर पोचू शकत होते. अव्वा जितके दिवस राहील तितके दिवस.

हा विचार पहिल्यांदा आला तेव्हा जयपाल गाडीत बसले होते. निपाणीच्या पुढे कुठेतरी. अव्वाचं या आठवड्यात झालं तर नळी वाचेल, असं अगदी स्वच्छ शब्दांत त्यांच्या मनात आलं. त्यांनी दचकून शेजारच्या माणसाकडे पाहिलं, जणू काही त्याने ऐकलं असेल. तो तंबाखू मळत होता. म्हणाला, "काय पावणं, लागतिया का गाडी? खिडकीकडं बसा की." जयपाल खिडकीकडे सरकले.

ज्ञानूमामांच्या नजरेतून यातलं काही सुटलं नव्हतं. किडे त्यांनीही पाहिले होते, आणि अव्वाला दिलेला शब्दही त्यांना सरांनीच सांगितला होता. एका शुक्रवारी दुपारी जयपाल शनिवारची वाट न बघता नेसरीला निघायची तयारी करत होते, कारण आदल्याच दिवशी बाहुबलीचा निरोप आला होता की आता अव्वाने पाणीही सोडलंय. मामा कुकरमध्ये दुसऱ्या वर्गाच्या नळ्या भरत होते. भरता भरता, सरांकडे न बघता, ते म्हणाले, "सर, मला ह्या घालायच्याच हायत. त्यातच तुमचं बी कपाट जातंय. तुमी सांगू नगा, तुमी बघू नगा. तुमी आपलं आईकडं जावा."

जयपाल छत्री हातात घेऊन उभे होते. नको, असं म्हणायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं ते वेगळंच: तेलातली तेवढी राहू द्या. पण तेवढी राहू द्या म्हणणं म्हणजे बाकीच्या घाला म्हणणंच होतं. ते करवणं झालं असतं. आणि नको म्हटलं असतं तर किडे राहिले असते. दोन वाक्यं होती आणि दोन्ही त्यांनी गिळली. मामांनी मान वर करून एकदा पाहिलं, पुन्हा खाली घातली. जयपाल बाहेर पडले आणि पावसातून स्टँडकडे चालू लागले. वाटेत त्यांनी स्वतःला दोनदा सांगितलं की मी काही बोललो नाही. ते खरंच होतं.

नेसरीला अंगणात माणसं मावत नव्हती. आतल्या खोलीत बायका णमोकार मंत्र म्हणत होत्या, एक दमली की दुसरी. अव्वा पाटाएवढी उरली होती. चेहरा मात्र तेलाने पुसल्यासारखा. कोण तिच्या पाया पडत होतं, कोण नुसतं बघून जात होतं. घरात दुःख असं नव्हतंच. उलट गावाला अभिमान वाटत होता. बाहुबलीने भावाला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की नाडी अजून चांगली आहे, वैद्य म्हणाले आठवडा काढेल. सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आनंदाचं. अजून आठवडा, असं जयपालांच्या मनात आलं, आणि ते कशामुळे हे त्यांना कळत होतं, म्हणून त्यांनी भावाकडे पाहिलं नाही.

शनिवारी दुपारी अव्वाने डोळे उघडले. जवळ कोण आहे ते तिला लगेच कळलं. ओठ हलले तसे जयपाल खाली वाकले.

"हात राखलास?"

"राखलाय, अव्वा."

तिने डोळे मिटले. त्यानंतर ती कुणाशी बोलली नाही. वैद्यांनी आठवडा सांगितला होता, पण दुसऱ्या दिवशी सकाळी, बायकांचा णमोकार चालू असतानाच, श्वास थांबला. कुणी रडलं नाही. वाजतगाजत नेली. जयपाल खांदा देऊन चालत होते आणि लोक त्यांना म्हणत होते की तुम्ही नशीबवान, अशी आई मिळाली. आपण मागितलं ते मिळालं, एवढंच त्यांच्या मनात येत होतं, आणि ते घालवायला ते मोठ्याने णमोकार म्हणत होते.

सुतक संपवून ते कोल्हापूरला आले आणि घरी पिशवी टाकून थेट कॉलेजात गेले. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. खिडक्या उघड्या, रॉकेलचा वास, कपाटाचे कप्पे धुऊन उन्हाला लावलेले. बऱ्याच दिवसांनी ऊन पडलं होतं. टेबलावर धुतलेल्या नळ्या उपड्या घालून ओळीने मांडल्या होत्या. ज्ञानूमामा फडक्याने हात पुसत पुढे आले. आधी आईचं विचारलं, समाधानाने झालं ना, त्रास झाला नाही ना. मग त्यांना राहवलं नाही.

"बघा सर, कपाट कसं लख्ख केलंय. एक किडा म्हणून ऱ्हायला न्हाई. तुमी गेला त्याच दुपारी समदं कुकरला घातलं."

त्याच दुपारी म्हणजे अव्वा जिवंत होती. हात राखलाय असं तिला सांगायच्या आदल्या दिवशी. जयपालांनी टेबलावरून नजर फिरवली. पसरट भांडं धुऊन पालथं घातलेलं होतं.

"तेलातली नळी?" त्यांनी विचारलं.

"ती तर सगळ्यांच्या आधी. तुमी वायली काढून तेलात ठिवल्याली, तवाच म्हटलं, हीच लई किडल्याली असणार, हितनंच समदं पसरलंय. तिला दोनदा शिजवली." मग आवाज उतरवून ते म्हणाले, "पाप लागलं तर माझ्या नावावर लागू दे, सर. माझं काय, आधीच कोंबडी-बकरी लई झाल्यात. म्हटलं, मानूस आईला पोचवून येणार, आल्यावर ह्यो घोर तरी नसावा."

मामा उत्तराची वाट बघत उभे होते. सरळ, प्रामाणिक चेहरा. त्यावर थोडी भीती, की सरांना हे आवडलं नसेल. काय झालंय हे जयपालांनी सांगितलं असतं तर या माणसाने उरलेला जन्म ते मनात घेऊन काढला असता. आणि त्याचं चुकलं तरी काय होतं? राखायची नळी वेगळी ठेवतात तशी टाकायचीही वेगळी ठेवतात. कुठली कुठली हे सांगणारा गप्प राहिला होता. करू नगंस, करवू नगंस. तिसरं उरलं होतं.

"बरं केलंत, मामा," जयपाल म्हणाले.

मामांचा चेहरा फुलला. चहा आणतो म्हणून ते किटली घेऊन गेले. जयपालांनी धुतलेल्या नळ्यांपैकी एक उचलून उजेडात धरली. तळाला काही नव्हतं.

पुढे सांगण्यासारखं थोडं आहे. मुंबईच्या प्राध्यापकांना त्यांनी नळी नष्ट झाल्याचं कळवलं; उत्तर सौजन्याचं आणि चार ओळींचं आलं. जयपालांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. यीस्टवर अतिनील किरण सोडायचे, वाढलेल्या वसाहती चाळायच्या, नळीत तळाला बसणारं काही दिसतं का बघायचं. चार वर्षं त्यांनी हे केलं. गुठळ्या होणारी दोन-तीन यीस्टं सापडली. पण ग्लुकोज असताना ती नीट वागत होती, नको म्हणणारा त्यांच्या आत शाबूत होता. बसकं परत आलं नाही. डॉक्टरेटची मुदत संपली ती त्यांनी वाढवून घेतली नाही. राजमतीने एकदाच विचारलं की नक्की काय झालं होतं. किडे पडले, असं त्यांनी सांगितलं, आणि तेही खरंच होतं.

पंच्याऐंशीच्या सुमाराला वाचनालयात एका परदेशी नियतकालिकात त्यांना तो जीन भेटला. तिकडे त्याला वेगळं नाव होतं. वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळ्या वाटांनी तो सापडला होता. हा जीन स्वतः काही करत नाही, अनेक जीनांच्या नकला निघणं थोपवून धरतो; तो बिघडला की ग्लुकोज असतानाही सगळं चालू राहतं. शेवटी बारीक अक्षरात एक ओळ होती की अशा पेशी गुठळ्या होऊन तळाला बसतात. जयपालांनी ती ओळ पुन्हा वाचली, अंक मिटून फळीवर होता तिथे ठेवला आणि तासावर गेले. त्या वर्षापासून ते हा भाग मुलांना शिकवू लागले. चांगला शिकवत, असं मुलं सांगतात.

त्यानंतर वर्षभराने ज्ञानूमामा निवृत्त झाले. रसायनाच्या हॉलमध्ये निरोपसमारंभ होता. शाल, श्रीफळ, पेढे. प्राचार्य बोलले, विभागप्रमुख बोलले, मग मामांना बोला म्हणून उभं केलं. त्यांना सवय नव्हती. टोपी काढून पुन्हा घातली. नोकरीत आपण काय मोठं केलं नाही, म्हणाले, सायबांच्या नळ्या धुतल्या. पण एक काम मात्र चांगलं केलं असं वाटतं. कमते सरांची आई सल्लेखनेला बसली होती, सर गावाकडे, आणि इकडे त्यांचं सगळं कपाट किड्यांनी खाल्लं असतं. सरांना हात लावता येत नव्हता. तेव्हा कुणी न सांगता आपण होऊन सगळं कपाट साफ केलं, सरांचं काम वाचवलं.

"आन् सर आल्यावर म्हणालं, बरं केलंत मामा," ते म्हणाले. "तेवढं एक माझ्या ध्यानात हाय."

हॉलभर टाळ्या झाल्या. मागच्या रांगेतली मुलं बाकं वाजवू लागली. मामांनी गर्दीत कमते सर कुठे आहेत ते शोधलं आणि त्यांच्याकडे बघून हात जोडले. जयपाल पहिल्या रांगेत बसले होते. तेही टाळ्या वाजवत होते, आणि बाकीच्यांच्या थांबल्या तरी त्यांच्या थोडा वेळ चालू होत्या.